देवघरातील नट

परवा एका स्नेह्यांकडे जेवणे आटोपल्यावर सुपारी कातरता कातरता चित्रपटांचा विषय निघाला, आणि असा विषय निघाला म्हणजे सुशिक्षित मंडळींत जो एक खेळ हमखास सुरू होतो तो सुरू झाला. आवडता नट सांगावयाचा आणि त्याच्या चित्रपटांची उतरंड लावावयाची. यजमान गॅरी कूपरचे जुने भक्त. त्यांनी तळाशी 'मिस्टर डीड्स', त्यावर 'सार्जंट यॉर्क' आणि सर्वांत वर १९५२ चा 'हाय नून' अशी मडकी रचून ठेवली. त्यांचे मेहुणे जेम्स स्ट्युअर्टचे अभिमानी. त्यांच्या मते कूपर हा बोलता येणारा लाकडाचा ओंडका. उभयतांचे चांगलेच जुंपले. शेवटी आमची पाळी आली तेव्हा आम्ही "शाहू मोडक" असे उत्तर दिले. क्षणभर कोणी काही बोलेना. यजमानांच्या नातवाने "हे कोण?" असे विचारले, आणि यजमानीणबाई आतून पानाचा डबा घेऊन येता येता म्हणाल्या, "अगबाई, ते कृष्णाचं काम करायचे तेच ना?"

बाईंचे म्हणणे खोटे नव्हे. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात २५ एप्रिल १९१८ रोजी जन्मलेला हा मुलगा चौदाव्या वर्षी भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर' मध्ये बाळकृष्ण होऊन पडद्यावर आला. तो १९३२ चा बोलपट मुंबईत पंचवीस आठवडे चालला, आणि त्या मुलाच्या डोक्यावर जो मोरमुकुट बसला तो पुढे उतरलाच नाही. एकोणतीस चित्रपटांत त्यांनी कृष्ण रंगविला अशी गणना सांगतात. दुसऱ्या एखाद्या नटाने एकोणतीस वेळा एकच भूमिका केली असती तर लोकांनी त्याला कंटाळून सोडले असते. येथे लोकांनी त्यांना हात जोडले.

हॉलिवुडची रीत याहून वेगळी. तेथील नायक टोप्या बदलतो, माणूस तोच राहतो. कूपर शिपाई झाला काय किंवा गावचा फौजदार झाला काय, प्रेक्षक कूपरलाच पाहावयास जातात आणि समाधानाने परततात. देवाचे काम एकदा केले म्हणून तेथे नट देव होत नाही. १९२७ साली सेसिल डीमिलच्या 'किंग ऑफ किंग्ज' मध्ये एच. बी. वॉर्नर हा नट येशू ख्रिस्त झाला होता. तोच पुढे 'मिस्टर डीड्स' मध्ये न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसला, आणि १९४६ च्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ' मध्ये मुलाच्या मरणाच्या दुःखाने दारू पिऊन औषधाच्या पुडीत विष घालणारा, दुकानातल्या पोराच्या कानशिलात मारणारा औषधविक्या झाला. आमच्याकडे हा क्रम उलटा लागला. १९३९ साली मोडक वेश्यावस्तीतील बाईवर जीव लावणारा पोलिस शिपाई झाले आणि १९४० साली ज्ञानेश्वर. यात कोणाला काही खटकले नाही, हे आम्हांस अद्यापि नवल वाटते. ज्या नगर जिल्ह्यात त्यांचा जन्म, त्याच जिल्ह्यातील नेवाशास ज्ञानेश्वरी लिहिली गेली. चित्रपट निघाला तेव्हा मोडकांचे वय बावीस होते, आणि ज्ञानदेवांनी एकविसाव्या वर्षी समाधी घेतली. असो. योगायोगांचा हिशेब ठेवणे हे ज्योतिष्यांचे काम, आणि उत्तरायुष्यात मोडकांनी त्या शास्त्राचाही अभ्यास केला.

मोडकांच्या चित्रपटांची उतरंड आमच्या घरी आमच्या जन्माच्या आधीपासून लागलेली होती. तीत मतभेद होते आणि ते पिढ्यांप्रमाणे वाटले गेले होते.

आमचे मूळ घर अंबडचे. आता अंबड जालना जिल्ह्यात मोडते. १ मे १९८१ पूर्वी ते औरंगाबाद जिल्ह्यात होते, आणि त्याहीपूर्वी निजामाच्या राज्यात. १९४८ साली रझाकारांची धामधूम वाढली तेव्हा अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, आजीने पुण्यास त्यांच्या मामांकडे पाठविले. मुलगा सुखरूप राहावा एवढाच हेतू. मुलगा सुखरूप राहिला आणि सिनेमे पाहू लागला. प्रभातचे जुने बोलपट पुन्हा पुन्हा लागत. अण्णांनी ते पुन्हा पुन्हा पाहिले. सप्टेंबरात हैदराबादचा प्रश्न निकालात निघाला, आणि पुढच्या वर्षी ते अंबडास परतले तेव्हा मामांचे पत्र त्यांच्या आधी येऊन पोचले होते. त्यात भाच्याच्या या व्यासंगाचा तपशीलवार उल्लेख होता. आजीचा राग शांत करावयास अण्णांनी एक युक्ती केली. थिएटरात गाण्यांच्या चोपड्या विकत, त्यांतील 'संत ज्ञानेश्वर' ची चोपडी त्यांनी आणली होती. तिच्या मुखपृष्ठावरील चित्र कापून, काचेच्या चौकटीत बसवून त्यांनी आजीच्या हाती दिले. "हे पाहायला जात होतो," ते म्हणाले. आजीने चित्र कपाळास लावले आणि देवघरात विठोबाच्या शेजारी ठेवले. त्या दिवसापासून मोडकांना रोज गंधफूल मिळू लागले.

चित्रपट म्हणजे काय हे आजीला त्यानंतर पंधरा वर्षांनी कळले. अंबडास मत्स्योदरी देवीची नवरात्रात यात्रा भरते. त्या यात्रेत १९६४ च्या सुमारास तंबूतला सिनेमा आला आणि त्याने 'संत ज्ञानेश्वर' लावला. आम्ही तेव्हा दहा वर्षांचे होतो. तंबूत मध्ये कापड लावून बायका एका बाजूस आणि पुरुष दुसऱ्या बाजूस बसविले होते. आम्ही लहान म्हणून आजीबरोबर बायकांत. आजीने चपला बाहेर काढून ठेवल्या आणि पदर सावरून मांडी घातली. इंजिनाची धडधड सुरू झाली, पडदा उजळला. पुढे मोठे झालेले ज्ञानदेव पडद्यावर आले तेव्हा आजी चारचौघींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं बाई, हे तर आपल्या घरचे!" चोपडीवरील चित्र सिनेमातून आले, हे तिच्या मनातही येणे शक्य नव्हते. तिच्या देवघरातले ज्ञानेश्वर सिनेमात गेले होते. रेडा वेद बोलू लागला तेव्हा सगळ्या तंबूने हात जोडले. ज्या पैठणात हे घडले ते आमच्यापासून फार लांब नाही, गोदावरीही आमच्याच मुलखाच्या कडेने वाहते. त्यामुळे बायकांना तो गावच्याच शेजारच्या मंडळींचा वृत्तांत वाटत असावा. भिंत चालली तेव्हा मागल्या बाजूची एक म्हातारी रडू लागली. आजी रडली नाही. ती प्रसन्न होती. आपल्या घरच्या माणसाचा सत्कार पाहावा तसे तिने सगळे पाहिले.

त्या चित्रपटाविषयी आमचे आजचे मत सांगावयास हरकत नाही. दामले आणि फत्तेलाल या जोडीने १९३६ साली 'संत तुकाराम' काढला, आणि त्यापुढे 'संत ज्ञानेश्वर' आम्हांस उणा वाटतो. तुकारामात विष्णुपंत पागनीस भोळेपणाने गातात, आवली शिव्या देते, चूल पेटते, मुलांना भूक लागते. चमत्कार घडतात, पण ते संसाराच्या मधोमध घडतात. ज्ञानेश्वरात यंत्रकौशल्य पुढे येते. भिंत कशी चालविली असेल याकडे मन जाते, आणि एकदा तिकडे गेले की परत येत नाही. मोडकांचा यात दोष नाही. त्यांना करावयास फार थोडे दिले आहे. शांत दिसावयाचे आणि गोड बोलावयाचे, एवढेच. ते इतके शांत दिसतात की अवतीभवतीची मंडळी उगीच आरडाओरड करीत आहेत असे वाटू लागते. हेही एक कसब खरे, परंतु तेवढ्यावर पहिला क्रमांक देता येत नाही.

आमच्या आईच्या उतरंडीत 'भरत मिलाप' वर होता. विजय भट्टांचा तो १९४२ चा चित्रपट, मराठीत 'भरत भेट'. त्यात प्रेम अदीब राम, शोभना समर्थ सीता, दुर्गा खोटे कैकेयी आणि मोडक भरत. आईने तो जालन्यास पाहिला तेव्हा तिच्या माहेरी दोन भावांचा शेताच्या वाटणीवरून कोर्टात दावा चालू होता. राज्य नको म्हणणारा भाऊ पाहून ती इतकी रडली की अण्णांना तिला मध्येच बाहेर आणावे लागले. त्या निवडीविषयी आम्ही तिच्याशी कधीच वाद घातला नाही.

अण्णांचा पहिला क्रमांक 'माणूस'. त्यात बदल नाही. शांतारामांचा हा चित्रपट त्यांनी पुण्यास किती वेळा पाहिला हे त्यांनी आजीला कधी सांगितले नाही. रात्री जेवणानंतर ओट्यावर बसून ते तो आम्हांस सांगत. पावसाने भिजलेल्या रस्त्यावर गस्त घालणारा गणपत शिपाई, धाड पडली असता त्याने वाचविलेली मैना, अनेक भाषांत गाऊन गिऱ्हाइकांना रिझविणारी शांता हुबळीकर, आणि गणपत तिला आपल्या देवभोळ्या आईकडे घेऊन जातो तो प्रसंग. तो आला की अण्णांचा आवाज खाली येई. आईच्या भाबड्या मायेपुढे त्या मुलीला आपलेच ओझे होते, ती तेथे टिकू शकत नाही. पुढे तिच्या हातून खून होतो, आणि गणपतचे सगळे प्रेम तिला सोडवू शकत नाही. आम्ही तो चित्रपट पाहिलेला नव्हता, तरी कॉलेजात जाईपर्यंत 'माणूस' हाच मोडकांचा सर्वोत्कृष्ट चित्रपट असे आम्ही छातीठोकपणे सांगू लागलो होतो. वडिलांची मते मुले अशीच वापरतात, न धुता.

१९७४ च्या दिवाळीत आम्ही तेव्हाच्या औरंगाबादेहून सुट्टीस घरी आलो. वय वीस. नुकतीच चार पुस्तके वाचलेली. सकाळी आजी पूजेस बसली होती. तिने विठोबाला गंध लावले, अंबाबाईला कुंकू वाहिले आणि चौकटीतल्या मोडकांकडे बोट नेले. त्या क्षणी आमच्या अंगात काय शिरले ते सांगता येत नाही. तिला शहाणी करावी असा हेतू होता असे आम्ही पुढे बरीच वर्षे स्वतःस सांगत होतो. खरे पाहता तिला जिंकावयाचे होते.

"आजी," आम्ही म्हणालो, "तू रोज ज्यांना गंध लावतेस ते ज्ञानेश्वर नव्हेत. शाहू मोडक नावाचे नट आहेत ते. आणि ख्रिस्ती आहेत."

अण्णा ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत होते, त्यांनी मान वर केली. तेव्हा आमच्या प्रथमच ध्यानात आले की ही गोष्ट त्यांना पंचवीस वर्षे ठाऊक होती आणि त्यांनी ती एकदाही उच्चारली नव्हती.

आजी म्हणाली, "ख्रिस्ती का? असू दे. तुझ्या बापाला या जगात आणलं ते जालन्याच्या मिशनच्या दवाखान्यातल्या ख्रिस्ती बाईनं. दोन दिवस अडले होते मी. तेव्हा कोणी जात विचारली होती?"

जालन्याच्या बाजूस हे नवे नव्हे. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे ब्राह्मणाचे ख्रिस्ती झालेले गृहस्थ. त्यांनी सालारजंगांकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती बसविली, त्याला शंभरावर वर्षे होऊन गेली. त्या मंडळींचे अभंग आणि भजने आमच्या कानांस परकी नव्हती. तिकडे नगरास तर नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणून बसविले होते. तेव्हा आमच्या तर्कशास्त्राचा बाण दगडावर आपटून खाली पडला. पण आजी थांबली नव्हती. तिचे बोट गंधासह अधांतरी राहिले होते.

"ते हयात आहेत का रे?" तिने विचारले.

"आहेत की. पंचावन्न-छप्पन्नचे असतील."

आजीचा चेहरा उतरला. तो आम्हांस आजही दिसतो. "अगं बाई गं! पंचवीस वर्षं मी जित्या माणसाच्या तसबिरीला फूल वाहते आहे! आयुष्य कमी होतं ना त्यानं!"

हयात माणसाच्या तसबिरीस हारफूल घालीत नाहीत, ते गेलेल्यांस. हा आमच्याकडचा संकेत, वाचकांच्या घरीही असेल. आजीच्या हिशेबाने तिने एका अनोळखी, सज्जन दिसणाऱ्या माणसाच्या आयुष्यातून पंचवीस वर्षे रोज थोडे थोडे काढून घेतले होते, आणि ते सुद्धा पहाटे स्नान करून, सोवळ्याने. तिने गंध पुसले. त्या दिवशी ती दुपारी जेवली नाही. अण्णा आम्हांस एवढेच म्हणाले, "सांगून काय मिळवलंस?" आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

दुसऱ्या दिवशी देवघरात ती चौकट नव्हती. आम्हांस वाटले, गेली अडगळीत. संध्याकाळी आजीच्या खोलीत गेलो तो तिच्या खाटेच्या उशाशी, जेथे परगावी असलेल्या मुलानातवंडांचे फोटो लावलेले होते, त्या रांगेत एका नव्या खिळ्यावर मोडक लागले होते. गंध नाही, फूल नाही, काच मात्र पुसलेली. "आता कसं बरोबर झालं," आजी म्हणाली. त्या वर्षीपासून नवरात्रात मत्स्योदरीच्या देवळात ती घरच्या प्रत्येक माणसाच्या नावाने तुपाची एकेक वात लावी, त्यांत एक वात अधिक होऊ लागली. अण्णा यावर विनोद करीत. ते म्हणत, "शेवटी आईनंही 'माणूस'च पहिला धरला."

आम्ही 'माणूस' पाहिला तो त्यानंतर आठ वर्षांनी, पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या एका खेळात. अण्णांचा निकाल योग्य होता, एवढे आधी कबूल करतो. पण ते जे सांगत त्याहून निराळेच काही आम्हांस दिसले. अण्णा गणपतच्या प्रेमाविषयी बोलत. आम्हांस दिसले ते त्याचे गांगरणे. हुबळीकरबाई चित्रपट खाऊन टाकतात, यात शंका नाही. त्यांच्या डोळ्यांतील थट्टा आणि त्या थट्टेखालचा थकवा यांपुढे मोडक फिके पडतात. परंतु ते फिके पडणेच त्या भूमिकेस हवे होते. गणपत हा चांगला मनुष्य आहे. त्याचे हेतू चांगले आहेत. ज्या बाईला वाचवावयास निघाला तिला काय हवे, हे मात्र त्याला शेवटपर्यंत नीट कळत नाही, आणि आपले चांगले हेतू घेऊन तो तिच्या दाराशी उभा राहतो. तोच शांत चेहरा, तोच मऊ आवाज. ज्ञानेश्वरात तो सर्व जाणणारा वाटतो, येथे काहीच न जाणणारा. एका वर्षाच्या अंतराने एकच चेहरा या दोन गोष्टी सांगतो. यापलीकडे नटाच्या मोठेपणाचा पुरावा आम्ही मागत नाही. १९३३ च्या 'औट घटकेचा राजा' मध्ये त्यांनी दुहेरी भूमिका केली होती, आणि आपल्याकडच्या बोलपटातील ती पहिली असे म्हणतात. आमच्या मते त्यांची खरी दुहेरी भूमिका १९३९ आणि १९४० मिळून झाली. खेळ संपल्यावर आम्ही बराच वेळ बाहेर कट्ट्यावर बसून होतो. गणपतकडे पाहताना दिवाळीच्या त्या सकाळी शहाणपण सांगणारा एक वीस वर्षांचा मुलगा सारखा मध्ये येत होता.

११ मे १९९३ रोजी शाहू मोडक वारले. बातमी आली तेव्हा आजी त्र्याऐंशी वर्षांची होती आणि तिची दृष्टी जवळजवळ गेली होती. अण्णा त्याआधीच दोन वर्षांपूर्वी गेले होते. वर्तमानपत्र आम्ही तिला रोज मोठ्याने वाचून दाखवीत असू. ही बातमी वाचावी की गाळावी, याचा आम्ही विचार केला. गाळणे सोपे होते. पण १९७४ पासून आम्ही तिच्यापासून काहीच लपवावयाचे नाही असे ठरविले होते, म्हणून वाचली.

"किती वर्षांचे होते?" तिने विचारले.

"पंचाहत्तर."

तिने बोटांवर काहीतरी मोजले. ओठ हालत होते. "पंचाहत्तर म्हणजे पुरं आयुष्य झालं," ती म्हणाली, "नाही का रे?" आणि आम्ही "हो" म्हणेपर्यंत तिने आमचा हात सोडला नाही.

मग तिने सुनेला हाक मारून सहाण आणि चंदनाचे खोड मागविले. मेच्या उन्हात वृंदावनाशेजारी मोगरा फुलला होता, त्याची चार फुले आणावयास सांगितली. आम्ही स्टुलावर चढून उशाजवळच्या खिळ्यावरची चौकट काढली. चोपडीचा कागद पिवळा पडून एका कोपऱ्यात वाळवीने खाल्ला होता. आजीने चौकट मांडीवर घेतली, काच पदराने पुसली आणि गंधाचे बोट कपाळ चाचपीत चाचपीत टेकविले. ते कानापाशी लागले. आम्ही ते तसेच राहू दिले आणि चौकट देवघरात विठोबाच्या शेजारी, पूर्वी होती त्या जागी ठेवली.